छातीवरची घळ

पत्रेवहिनीनं सरदारांच्या थोरल्या लेकीचा जीव घेतला, आणि तोही नवऱ्यापायी, अशी कुजबुज गावभर होती. कुजबुज म्हणजे पाणवठ्याच्या या टोकाची त्या टोकाला ऐकू जाईल एवढीच. पत्रेदादांची नजर थोरलीवर गेली, वहिनीला त्याचा वास लागला, आणि तिनं थोरलीच्या चिलखताला छातीच्या मधोमध खाच ठेवून दिली, राक्षसाच्या भाल्यानं वाट चुकू नये म्हणून. शेजारची सुईवाली हे सांगताना "बरोब्बर इथं" म्हणत स्वतःच्या छातीवर बोट टेकवायची. पुढं पुढं तिनं नुसतं बोट टेकवलं तरी बायका चुकचुकायच्या.

सुईवाली खोटारडी होती असं मात्र कुणी समजू नये. चिलखताच्या आत घालायच्या गाद्या शिवण्यात तिचा जन्म गेला होता. कापड कमी पडलं की ठिगळ लावायचं आणि वरून टाके असे घालायचे की ठिगळ दिसू नये, ही तिची कला. माहिती कमी पडली की तिथंही ती तेच करायची.

वहिनी मूळची नदीकाठची. बाप होड्या बांधायचा. लग्न होऊन ती ठोकगल्लीत आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं, इथली माणसं एकमेकांवर फार चिडलेली आहेत. मग कळलं की घरोघरी पुढच्या खोलीत ऐरण, म्हणून सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. या गल्लीत नवराबायकोची लाडीगोडीसुद्धा चार घरं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी त्यावर मतं द्यायची.

गल्लीची रीत साधी होती. पत्रा तापवायचा, ठोकायचा, तो पुरुषांनी. बाईनं आतलं बघायचं, म्हणजे गाद्या, चामड्याचे पट्टे, वाळू-तेलानं घासून चकाकी आणणं. बाईनं ऐरणीवर हातोडा उचलला तर पत्रा फाटतो असं सगळे मानत. कुणाचा फाटला होता हे कुणालाच आठवत नव्हतं, म्हणजे रीत पाळल्याचा फायदाच झाला म्हणायचा.

मग एका उन्हाळ्यात पत्रेदादा छपरावर चढले आणि शिडीनं उतरण्याऐवजी सरळ खाली आले. उजवा खांदा कामातून गेला. पेला तोंडापर्यंत जाई, हातोडा मात्र कानापर्यंत जात नसे. हातातलं काम अर्धं पडलं होतं, खिंडीतला बर्फ वितळायला लागला होता. वहिनीनं पुढच्या खोलीचं दार आतून लावलं आणि हातोडा उचलला. पत्रा फाटला नाही.

तेव्हापासून दादा दारात खुर्ची टाकून बसू लागले. मांडीवर हातोडा, हातात सोलायला बिया. आतून ठोकण्याचा आवाज यायचा. समोरचा खिळेवाला जाता जाता म्हणायचा, "काय दादा, आज फार जोरात?"

"घाई आहे जरा," दादा बी तोंडात टाकत म्हणायचे.

"हात दुखत असतील."

"सवय झाली आता."

गल्लीला सगळं ठाऊक होतं. पण पत्र्यावर ठसा दादांचा, गिऱ्हाईक बोलायचं दादांशी, तारीफ व्हायची दादांची. वहिनी आतून ऐकायची. बापाच्या होडीचा तळ तिच्या डोळ्यांत बसलेला होता. मधोमध कणा असला की पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं. तिनं छातीच्या पत्र्याला तसाच कणा काढायला सुरुवात केली. भाला आला की कण्यावर आपटायचा आणि घसरून बाजूला जायचा. दादांच्या चिलखतातली पोरं खिंडीतून परत यायला लागली. "दादांचा हात पडल्यापासून फारच सुधारला," असं खिळेवाला म्हणायचा, आणि तो गंमत करतोय की खरंच म्हणतोय हे त्याच्या बायकोलासुद्धा कळत नसे.

आता राक्षस. राक्षस म्हटलं की शिंगं आणि सुळे डोळ्यांपुढं येतात. तसलं काही नव्हतं. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर होईल तेवढी उंची, चाल मंद, आणि सर्दीनं वाहणारी नाकं. पण भाला ते वरून खाली घालायचे, विहिरीत पोहरा सोडावा तसा. दर साली बर्फ वितळला की खिंडीतून उतरायचे, आणि किल्ल्याचे लोक त्यांना अडवायला जायचे.

सरदारांचा थोरला मुलगा असाच अडवायला गेला आणि तापानं तळावरच मेला. धाकटा मुलगा, घोडा शिंकला तरी दचकायचा. तेव्हा त्या साली थोरलीनं, म्हणजे सगळ्यांत मोठ्या लेकीनं, मेलेल्या भावाचं चिलखत चढवलं आणि पळत सुटलेल्या लोकांना शिव्या देत परत वळवलं. खिंड हाती राहिली. वेशीवर तिला बघायला अख्खा गाव लोटला. दरबारात मात्र काळजी पसरली. ती लढली याची नव्हे हो. बाईमाणूस पुरुषाच्या वेषात हिंडलं याची. वेष बदलणं हा कायद्यानं गुन्हा होता, आणि चिलखत हा पुरुषाचा वेष.

तोड काढली रीतकाकांनी. दरबारात कोणी कुठं बसावं, कोणी आधी खोकावं हे सांगणारे ते म्हातारे गृहस्थ. खरं नाव असेल काहीतरी, गाव रीतकाकाच म्हणायचा. ते स्वतः चालत ठोकगल्लीत आले आणि दादांसमोर उभे राहिले.

"थोरल्या ताईंसाठी चिलखत करायचं आहे. बायकी."

"बायकी म्हणजे?" दादा उठून उभे राहिले.

"म्हणजे दुरून बाई ओळखू आली पाहिजे. मग तो पुरुषाचा वेष होत नाही. कंबर हवी. आणि वर..." रीतकाकांनी हवेत दोन गोल काढले आणि चटकन हात मागं घेतले.

दादांनीही हवेत दोन गोल काढून बघितले. "कलिंगडं?"

"समजलं," दाराआडून वहिनी म्हणाली. रीतकाकांनी आवाज कुठून आला ते न बघण्याची दक्षता घेतली आणि गेले.

मापं घ्यायला थोरली मागच्या खोलीत आली. उंच, नखं खाल्लेली, हसली की नाकातून आवाज काढणारी. भावाच्या चिलखताचे पट्टे खांद्याला काचले होते, त्याचे वळ अजून होते.

वहिनीनं माप घेतलं नाही. तिनं फळीवरून दोन वाट्या काढल्या, पालथ्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, आणि चामडं टोचायची आरी थोरलीच्या हातात दिली.

"ताई, यातल्या एका वाटीवर टोचा. जोरात."

थोरलीनं टोचलं. आरी वाटीवरून सर्रकन घसरली आणि दोन वाट्यांच्या मधे जाऊन रुतली.

"पुन्हा. दुसऱ्या बाजूनं."

पुन्हा तिथंच.

"मधे काय असतं?" वहिनीनं विचारलं.

थोरलीनं आरी उपसली. "मधे मी असते," ती म्हणाली.

"हेच म्हणते मी. ते जे मागतायत ना, ती भाल्यासाठी केलेली पन्हळ आहे. तुम्ही नको म्हणा."

"नको म्हटलं तर धाकट्याला पाठवतील. तो पहिल्या आरोळीला घोड्यावरून पडेल. मग त्याच्यामागं गेलेल्यांचं काय? तुमच्या खिळेवाल्याचा मुलगा आहे त्यांत."

वहिनीनं तिच्या खांद्यावरच्या वळांवर हात ठेवला. मग म्हणाली, "ओझं झेपेल?"

"किती?"

"दीडपट. वरून त्यांना हवं ते, पातळ पत्र्याचं, नुसतं दाखवायला. आतून कण्याचं, खरं. वरचं चेमटलं तर चेमटू दे. तेवढं घालून पळता मात्र येणार नाही."

"पळायचं असतं तर घरीच बसले नसते का?" थोरली नाकातून हसली. "करा वहिनी."

वहिनीनं ते चिलखत जसं केलं तसं आयुष्यात दुसरं केलं नाही. आतला पत्रा तिनं इतक्या वेळा तापवून ठोकला की तो हाताला रेशमासारखा लागे. पुरं झाल्यावर परसात थोरलीला दोन्ही पत्रे चढवून उभं केलं, स्वतः शिडीवर चढली आणि खऱ्या भाल्यानं, खऱ्या जोरानं, वरून खाली वार केला. वरचा पत्रा फुटला. भाला आतल्या कण्यावर आपटला, बाजूला घसरला आणि कोबीच्या वाफ्यात घुसला. थोरली मात्र मागच्या मागं बसली, आणि बसल्या बसल्या तिला हसू आवरेना.

"लागलं का?" वहिनी शिडीवरूनच विचारत होती.

"लागलं. बसताना."

वहिनीही हसली. ती परत येणार, हे त्या परसात दोघींना पक्कं झालं. वहिनी आत जाऊन वरचा पत्रा नवा ठोकायला लागली, आणि त्या दिवशी ती ठोकताना गुणगुणत होती, हे सुईवालीनंच सगळ्यांना सांगितलं.

बिघडलं ते गुत्त्यावर. दादा रोजच्यासारखे संध्याकाळी जाऊन बसले. खिळेवाल्यानं पेला वर करून विचारलं, "काय दादा, हल्ली कलिंगडं ठोकता म्हणे. पिकली का?"

सगळा गुत्ता हसला. रोज हसतच असे, पण त्या दिवशी दादांना ते झोंबलं. बायको ठोकते हे चालायचं, ते कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. पण कलिंगडं.

"हसा," दादा म्हणाले. "आत काय आहे ते कळलं तर तोंडं बंद होतील. आत कण्याचं आहे. पुरुषी, पक्कं. वरचं नुसतं सोंग. रीतकाकांच्या नाकाखालून. हे डोकं लागतं." आणि त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं डोकं दाखवलं.

ते डोकं कुणाचं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण बातमी डोक्याची नव्हतीच, सोंगाची होती. ती दुसऱ्या सकाळी दरबारात पोचली. रीतकाका दोन शिपाई घेऊन आले, वरचा पत्रा उचलून आतला बघितला, आणि खरंच दुखावल्यासारखे झाले. मनानं वाईट नव्हता तो माणूस. त्यानं थोरलीसाठी वाट काढली होती आणि लोकांनी त्या वाटेतच खड्डा खणला होता, असंच त्याला वाटलं.

"आतून पुरुष आणि बाहेरून बाई," ते म्हणाले. "हा तर दुप्पट गुन्हा झाला. एकच पत्रा हवा. जाड, सांगितलेल्या आकाराचा. नाहीतर दुकानाला कुलूप, आणि थोरल्या ताई किल्ल्यातच बसतील."

आतला पत्रा शिपायांनी अंगणात फेकला. पुरुषाचा आहे तर एखाद्या पुरुषाला विका, असं म्हणून गेले.

दादा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "मी आपलं चांगल्यासाठीच बोललो गं," ते म्हणाले. "कामाची तारीफ व्हावी म्हणून." वहिनीनं त्यांना ताट वाढलं. भांडली असती तर दादांना जेवण गेलं असतं. ती भांडली नाही, आणि ते नीट जेवले.

थोरली दुपारी आली. या वेळी ती बसलीसुद्धा नाही.

"करा," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही बघितलंय आरी कुठं जाते ते."

"बघितलंय म्हणूनच सांगते. मला माहीत आहे, तर मी जपेन. डावीकडून येऊ देणार नाही."

"ते वरून घालतात."

"मग वरून येऊ देणार नाही." तिनं अंगठ्याचं नख कुरतडलं. "तुम्ही नाही केलं तर समोरचा खिळेवाला करेल. त्याचा पत्रा ठिसूळ असतो, सगळे म्हणतात. माझं मरण निदान चांगल्या कारागिराच्या हातचं असू द्या."

तिला हे विनोदानं म्हणायचं होतं. वहिनीला हसता आलं नाही.

वहिनीला नाही म्हणता आलं असतं. कुलूप लागलं असतं, दादांना भावाच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं, आणि थोरलीनं समोरच्याकडून करून घेतलं असतं. हे सगळं तिनं मनात उलटंसुलटं करून बघितलं आणि भट्टी पेटवली. दोन उभार तिनं काढले, आणि मधली घळ पडली. घळीतला पत्रा जेवढा जाड ठेवता येईल तेवढा ठेवला. पण पत्रा ओढून उभार काढायचा तर तो कुठून तरी कमी होणारच. कापड असतं तर सुईवालीनं ठिगळ लावलं असतं.

खिंड त्या सालीही राहिली. थोरलीनं लोकांना शेवटपर्यंत उभं ठेवलं. खिळेवाल्याचा मुलगा दोन्ही पायांनी घरी आला आणि त्यानंच सांगितलं: भाला वरून आला, डाव्या उभारावर आदळला, आणि घसरला. बाजूला घसरला असता तर काखेखालून निघून गेला असता.

बक्कलं वाकली होती, चिलखत निघेना, म्हणून वहिनीला बोलावणं आलं. तिनं पट्टे कापले. कापताना तिचं बोट घळीतल्या भोकात गेलं, तेवढं तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग मोठं कौतुक झालं. गाणी झाली, त्यांत थोरलीनं छातीचा कोट करून खिंड अडवली. वेशीवर पुतळा उभा राहिला. पुतळेवाला मापं विचारायला वहिनीकडं आला होता. वहिनीनं सांगितलं, ताई तशा नव्हत्या हो, सडसडीत होत्या. तो म्हणाला, "असतील, पण लोकांना कळायला हवं ना कोण आहे ते." पाण्याला जायचा रस्ता त्या पुतळ्याखालूनच होता.

गाणी संपली तसे लोक विचारू लागले की एवढी शूर बाई मेली कशी. रीतीनं मारली म्हणायची कुणाची छाती नव्हती. दादांचं नाव घ्यावं, तर त्यांच्याच चिलखतातून अर्ध्या गावाची पोरं घरी आलेली. तेव्हा सुईवालीनं ठिगळ शोधलं. आणि गंमत बघा, इतकी वर्षं बाई पत्रा ठोकते हे ज्या गल्लीच्या तोंडातून निघत नव्हतं, त्या गल्लीनं एका दिवसात मान्य केलं की ते चिलखत वहिनीनंच ठोकलं. जीव वाचवत होतं तोवर ते दादांचं होतं. जीव गेला तसं ते वहिनीचं झालं.

दादांना कुणी विचारलं की ते मान खाली घालून म्हणायचे, "काय सांगू, बायकांचं मन." सरदारांच्या लेकीवर आपली नजर होती, आणि त्यावरून घरात आग लागली, ही गोष्ट त्यांना कलिंगडांपेक्षा पुष्कळ बरी वाटली. ते केसांना तेल लावून दारात बसू लागले.

वहिनीनं एकदाच तोंड उघडलं. पाणवठ्यावर सुईवालीचं बोट छातीवर टेकलेलं असताना ती मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खाच होती. ती तशी करायला सांगितली होती."

"बघा," सुईवाली बायकांकडं वळून म्हणाली, "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं." वहिनीचं दुसरं वाक्य कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही.

बऱ्याच वर्षांनी दादा वारले. दुकान पुतण्याच्या नावावर झालं, तो दारात बसू लागला आणि आतून ठोकण्याचा आवाज येत राहिला, थोडा हळू. थोरलीच्या पुण्याईनं आता मुलींची एक तुकडी निघाली होती. एका सकाळी धोब्याची मुलगी आली, खांदे रुंद, डोळ्यांत चमक. खिंडीत जायचं होतं तिला.

वहिनीनं कोळशाच्या पिंपावरचं झाकण काढलं, राख झटकली आणि फडक्यानं पुसलं. इतकी वर्षं झाकण होऊन राहिलेला तो कण्याचा पत्रा, अजून रेशमासारखा. तिनं तो मुलीच्या छातीला लावून बघितला. जणू तिच्याच मापाचा.

"हा घे. पैसे नकोत."

मुलीनं खाली बघितलं. "आजी, हा तर बाप्यांचा आहे. मला थोरलीसारखा हवा."

"बाळ, बस इथं. एक दाखवते." वहिनीनं दोन वाट्या काढल्या, आरी काढली. मुलीनं टोचलं, आरी मधे रुतली. तिनं पुन्हा टोचलं.

"मधे काय असतं?" वहिनीनं विचारलं.

"थोरली नाही घाबरली," मुलगी आरी परत देत म्हणाली, "मग मी कशाला घाबरू?" नमस्कार करून ती समोरच्याकडं गेली. समोरच्यानं आता तसल्या पत्र्यांचा साचाच करून घेतला होता. थोड्या वेळानं तिकडून ठोकण्याचा आवाज यायला लागला. वहिनीनं कण्याचा पत्रा पुन्हा पिंपावर ठेवला.

पत्रेदादांची नजर थोरलीवर कधीच नव्हती. चिलखताला घळ होती, ती दरबाराच्या हुकमानं होती, आणि ती वहिनीनंच स्वतःच्या हातानं ठोकली होती. भाला कुठं जाणार हे तिला माहीत होतं, आणि थोरलीलाही माहीत होतं.